बुवांना आणायची गाडी

संध्याकाळी अभयची काळी थार गल्लीत शिरली की दौलतच्या मसाला कुटायच्या डंकीवर अंधार यायचा. गाडी उंच, गल्ली अरुंद. ती समोरच्या भिंतीला लागून उभी राहिली की खांबावरच्या दिव्याचा उजेड तिच्या टपावरच अडायचा आणि दौलतला आतला बल्ब लावावा लागायचा.

फाल्गुन लागला होता. लालबागच्या त्या गल्लीत मिरचीचा खकाणा सकाळपासून हवेत असायचा. बायका भाजलेल्या मिरच्या, धणे, खडा मसाला पिशव्यांतून घेऊन यायच्या आणि बाकावर आपला नंबर येईपर्यंत बसायच्या. मोटर सुरू झाली की डंकीची लोखंडी मुसळं पाळीपाळीनं वर जायची आणि उखळात आदळायची. तोंडाला पंचा बांधून दौलत दोन मुसळांच्या मधल्या क्षणात हात घालायचा, पळीनं मसाला उकरून वर काढायचा. कांता, त्याची बायको, तो चाळायची आणि चाळणीत राहिलेला भरडा पुन्हा उखळात लोटायची. तिचा उजवा खांदा या कामानं धरला होता. चाळताना ती मध्येच हात खाली सोडून बोटं उघडमीट करायची. आणखी एक डंकी आणि एक यंत्राची चाळणी घ्यायची, म्हणून दोघं तीन मोसम पैसे बाजूला टाकत होते.

"आला बाई राजा," बाकावरची दुर्गाबाई समोरच्या गाडीकडे बघत म्हणाली. "पण उतरत नाही अजून."

"गाडीत बसायचे पैसे मोजलेत त्यानं," कांता म्हणाली. "बसू दे की पोटभर."

बायका हसल्या. दौलत हसला नाही. त्यानं पाहिलं, अभयनं इंजिन बंद केलं होतं, दिवे बंद केले होते, आणि तो काळ्या काचेआड नुसता बसून होता. रोजचंच झालं होतं हे. गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं, पोरांनी टायरला हात लावून जावं, म्हणून बसतो. दौलतनं पळी उखळाच्या कडेवर जरा जोरातच आपटली.

अभय त्याच्या काकांचा मुलगा. दौलतपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली म्हणून दौलतच्याच खोलीत वाढलेला. दौलतचे शर्ट आखूड करून दौलतची आई रमाबाई त्याला घालायची. तोच अभय शिकला, लोअर परेलच्या एका ऑफिसात मोठ्या खुर्चीवर बसला, आणि मागच्या टॉवरमध्ये राहायला गेला. याचं दौलतला वाईट वाटलं नव्हतं. लग्नात तो अभयच्या वरातीत घाम फुटेपर्यंत नाचला होता. टोचणी लागली ती गेल्या चैत्रात, आणि ती नदीवर लागली.

त्यांच्या गावात चैत्रात मारुतीच्या देवळात कीर्तनाचा सप्ताह असतो. डांबरी रस्ता नदीच्या अलीकडे संपतो. पुढं नदी, आणि नदीपलीकडून देवळापर्यंत जांभ्या दगडाची उभी घाटी. कीर्तनकार बुवांना नदीवरून देवळात आणायचा मान थोरल्या पातीचा, म्हणजे दौलतच्या घराचा. पणज्यानं बुवांना खांद्यावर बसवून नदी ओलांडली होती. आजोबांनी, बापानं डोक्यावर बाजाची पेटी घेऊन, बुवांचा हात धरून त्यांना वर नेलं. दौलतनंही वीस-बावीस वर्षं नेलं. बुवा देवळाच्या पायरीवर आले की आधी ज्यानं आणलं त्याच्या कपाळाला बुक्का लावणार, आणि मग गावाला. तो पहिला बुक्का. त्यासाठी दौलत मिरचीच्या ऐन मोसमात डंकी बंद ठेवून गावी जायचा, आणि त्या आठ दिवसांत कुठलं गिऱ्हाईक तुटलं याचा हिशेब कधी करायचा नाही.

आता येणाऱ्या वसंतबुवांचे गुडघे गेले होते. दोन वर्षांमागे त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. वाडीत तरुण उरलेच नव्हते. दौलत आणि तीन म्हातारे. नदीच्या मधोमध एकाचा पाय शेवाळावरून सरकला, खुर्ची कलली आणि बुवांचं धोतर मांडीपर्यंत भिजलं. बुवा हसून म्हणाले होते, "गंगास्नान घडवलंत." पण गेल्या वर्षी नदीवर अभय आपली नवी गाडी घेऊन उभा होता. बुवा पुढच्या सीटवर बसले, आणि गाडी पाण्यातून, दगडांतून, घाटीवरून एका दमात वर गेली. दौलत डोक्यावर पेटी घेऊन मागून चालत आला. तो देवळापाशी पोचला तेव्हा अभयच्या कपाळावर बुक्का होता.

कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. पण तेव्हापासून गावात, चाळीत, एकच बोलणं.

"अभयाच्या गाडयेत माका पण वर नेल्यान," रमाबाई पलंगावरून सांगायची. "पोटातला पाणी हललां नाय."

"आये, जेव गुमान," दौलत म्हणायचा.

"जेवतंय. पण खरां तां बोलूक नको?"

यंदाच्या फाल्गुनात एका दुपारी, डंकीवर गर्दी ओसरली असताना, दौलतनं पंचा सोडून तोंड पुसलं आणि कांताला म्हणाला, "यंदा आपण गाडी घ्यायची. घाटी चढणारी."

कांता चाळणी झाडत होती. ती झाडतच राहिली.

"चालवणार कोण?"

"अक्षता."

अक्षता त्यांची मुलगी. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर तिनं ड्रायव्हिंग शिकून लायसन काढलं होतं. दौलतनं आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं.

"आणि पैसे?"

दौलतनं डंकीकडे पाहिलं. कांतानं उजवा हात खाली सोडला, बोटं उघडली, मिटली.

"म्हणजे डंकीचे," ती म्हणाली.

"डंकी पुढच्या वर्षी घेऊ."

"मागच्या वर्षीपण पुढच्याच वर्षी होती."

"मान घराचा आहे, कांता. माझ्या एकट्याचा नाही."

"घराचा आहे तर घराला विचारा." तिनं चाळणी खुंटीला अडकवली. "मी सांगते काय ते. घ्यायचीच असेल तर अशी घ्या की आठ दिवस बुवा बसतील आणि उरलेलं वर्षभर मिरचीची पोती बसतील. वाशीहून टेम्पोवाला किती घेतो ते ठाऊक आहे ना?"

भिवा चाळीतलाच. जुन्या गाड्या एकाकडून घेऊन दुसऱ्याला देण्यात मध्ये पडायचा आणि आपलं कमिशन काढायचा. गाडीचा आवाज ऐकून तिचं वय सांगतो अशी त्याची ख्याती होती, ती त्यानं स्वतःच पसरवली होती.

"दादा, बजेट सांग," तो म्हणाला.

दौलतनं सांगितलं. भिवानं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्यात नेली.

"एवढ्यात फोर बाय फोर मिळेल. पण नवरी सुंदर मिळणार नाही, कामाची मिळेल."

"काळी आहे का कुठं?"

"रंग नंतर लावता येतो रे. आधी चेसिस बघायची असते."

पहिली गाडी कफ परेडच्या मच्छीमार नगरात होती. अक्षतानं सुट्टी काढली. होड्या ओढून ठेवलेल्या, काठ्यांवर बोंबील वाळत टाकलेले, आणि त्यांच्या पलीकडे एक उघडी जीप. मालक स्वतः टायरवर लाथ मारून दाखवत होता. टायर जाड होते, पुढं लोखंडी बंपर होता, वर चार पिवळे दिवे. दौलतला ती बघताक्षणी आवडली. तिच्यापुढं अभयची थार शाळकरी पोरीसारखी दिसली असती.

"ही आली तर गल्लीत दुसरी कुणाची नजरेत भरणार नाही," तो म्हणाला.

"बाबा, वास," अक्षता म्हणाली.

"कसला?"

"सुकटाचा. सीटच्या आत गेलाय."

मालक म्हणाला, "धुतल्यावर जाईल."

"वसंतबुवा माळकरी आहेत," अक्षता म्हणाली. "कांद्याच्या पोत्याशेजारी बसत नाहीत ते."

"कापूर लावू," दौलत म्हणाला. "अत्तर शिंपडू. कव्हर बदलू."

तोवर भिवा खाली झोपून गाडीच्या पोटाखाली सरकला होता. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत गंजाचे पापुद्रे होते. त्यानं ते चुरले आणि पीठ वाऱ्यावर सोडलं.

"वाळूवर, खाऱ्या पाण्यात चालवलीय. वरून नवरदेव, खालून भुसा. तुझ्या नदीत ही दोन तुकड्यांत बाहेर येईल, दादा. अर्ध्यात बुवा आणि अर्ध्यात पेटी."

परत येताना टॅक्सीत दौलत मागं वळून बघत होता. त्याला गंजाचं वाईट वाटत नव्हतं. त्या चार पिवळ्या दिव्यांचं वाटत होतं.

दुसरी गाडी कॉटन ग्रीनच्या एका गोदामात. पांढरी, पुढं चार दारांची, मागं सामानाचा हौदा. धरणाच्या कामावरच्या साहेबांना ने-आण करून निवृत्त झालेली. भिवा पोटाखाली शिरला आणि लगेच बाहेर आला. अक्षतानं चालवून पाहिली, फुटक्या फरशीवरून, रुळांवरून.

"सोपी आहे बाबा. क्लच हलका आहे."

कांता मुद्दाम आली होती. तिनं हौद्याची लांबी हातानं मापली. मग मागचं दार उघडून ती आत बसली, पदर सावरला, पुन्हा उतरली. तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी सैल झाल्यासारखं दिसलं.

"पोती मावतील. आई चढू शकतील. बुवा पुढं ऐसपैस बसतील," ती म्हणाली. "आणि पैसे उरतील. चाळणी तरी येईल यंत्राची."

दौलत गाडीभोवती दोनदा फिरला. दारावर जुन्या कंपनीचं नाव खरवडलेलं होतं, पण उन्हात ते वाचता येत होतं.

"ही कामगारांची गाडी दिसते," तो म्हणाला.

"आपण कोण आहोत?" कांता म्हणाली.

"नदीवर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहतील. एक ती, एक ही. बुवा कुठल्या गाडीकडे जातील?"

"बुवा ज्याचा हात पुढं येईल त्याचा धरतील. म्हातारे आहेत ते."

"तुला नाही कळायचं."

"मला कळतं. तुम्हाला बुवांना वर न्यायचं नाहीये, अभयला खाली आणायचंय."

भिवानं गोदामवाल्याला सांगितलं, आठ दिवसांत कळवतो.

त्या आठवड्यात लालबागच्या विठ्ठल मंदिरात वसंतबुवांचंच कीर्तन होतं. दौलत लहानपणापासून कीर्तनाला झांज घेऊन उभा राहायचा. दिवसभर मिरची कुटलेल्या हातांनी झांज धरली की तळवे पुन्हा पेटायचे, आणि तो जाळ त्याला आवडायचा. बुवा गुडघ्यांमुळे आता उभे न राहता उंच स्टुलावर बसायचे, पण आवाज तोच होता. पहिला अभंग त्यांनी वर उचलला की सभामंडपातल्या पंख्यांचा आवाज ऐकू येईनासा व्हायचा. बायका मांड्यांवर ताल धरायच्या, म्हाताऱ्यांचे डोळे मिटायचे. दौलतच्या अंगावर दर वेळी त्याच जागी काटा यायचा. त्या दिवशीही आला.

मग निरूपणात बुवा सुदाम्यावर आले. द्वारकेपर्यंत पायी गेलेला सुदामा, त्याच्या टाचांच्या भेगा, धुळीनं भरलेले पाय. आणि थोडं थांबून, हसून म्हणाले, "सुदाम्याला कुणी अभय भेटला नाही. मला भेटला. गेल्या वर्षी आमच्या अभयनं मला पुष्पक विमानात बसवून मारुतीच्या दारात नेलं."

मंडपात हशा झाला. अभय खांबापाशी भिंतीला टेकून उभा होता, त्यानं हात जोडले. लोकांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. बुवांनी लगेच धृपद घेतलं, मृदंगावर थाप पडली, आणि दौलतची झांज एका मात्रेनं मागं राहिली. एकच ठोका. पण इतक्या वर्षांत तो कधी चुकला नव्हता. शेजारच्या टाळकऱ्यानं मान वळवून पाहिलं. दौलतनं झांज छातीशी दाबून धरली, आणि उरलेलं कीर्तन तो नुसता ओठ हलवत उभा राहिला.

आरतीनंतर सगळे बसून प्रसाद घेत होते. अभय बसला नाही. खांबाला टेकूनच त्यानं द्रोण घेतला.

"बघ," दौलत कांताला म्हणाला. "मांडी घालून बसायलासुद्धा लाज वाटते आता."

दुसऱ्या दिवशी डंकीवर गर्दी होती. संध्याकाळी गाडी आली, अंधार आला, दौलतनं बल्ब लावला. थोड्या वेळानं मिरचीची पोती घेऊन टेम्पो गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकला आणि हॉर्न वाजवू लागला. थार हातभर पुढं घेतली असती तर तो आला असता. अभय आत बसलेलाच होता. टेम्पो वाजवतोय, हा हलत नाही.

"आज सांगतोच त्याला," दौलत म्हणाला. पंचा तोंडावर तसाच, हात लालभडक, तो रस्ता ओलांडून गेला आणि त्यानं गाडीच्या काचेवर बोटानं ठोकलं.

काच खाली आली. अभयचा चेहरा घामानं भिजला होता. दोन्ही हातांनी त्यानं डावी मांडी आवळून धरली होती, जशी दुसऱ्या कुणाची धरावी तशी.

"दादा," तो म्हणाला. "जरा थांब. पाय जागा होऊ दे."

दौलत उभा राहिला. हॉर्न वाजत होता.

"काय झालं?"

"मणक्यातली गादी सरकलीय. दिवाळीपासून. कमरेपासून अंगठ्यापर्यंत बधीर होतो. क्लच दाबून आलो की पायच राहत नाही थोडा वेळ." अभयनं ओठ चावला. "डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, नाहीतर खाचखळग्यातून गाडी बंद. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून झालंय. घाटीबिटी तर नावच काढू नका म्हणतात."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करू? चैत्र आलाय तोंडावर. बुवांनी काल सगळ्यांसमोर सांगितलं, ऐकलंस ना? आता मी कुणाला सांगू की येत नाही म्हणून?"

थोड्या वेळानं अभयनं पाय हातानं उचलून क्लचवर ठेवला, गाडी पुढं घेतली, आणि टेम्पो आत आला. दौलतनं पोती उतरवून घेतली. पाठीवर पोतं घेऊन आत जाताना त्याच्या लक्षात आलं की आज पोतं हलकं लागतंय. छातीत काहीतरी गार, गोड उतरत होतं. यंदा नदीवर काळी गाडी नसणार. काही न करता, पैसा न मोजता, मान घरी परत आला होता.

त्यानं कांताला सगळं सांगितलं. जेवताना एक भाकरी जास्त घेतली. पलंगावरून रमाबाई म्हणाली, "अरे, त्या पोराच्या पाठीक शेक देऊक हवो. वाळू गरम करून." दौलतनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कालवण मागितलं. कांतानं ते वाढलं. वाढताना ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही. भूक लागली वाटतं आज."

त्यानंतर घास पहिल्यासारखा उतरला नाही.

सकाळी कांता म्हणाली, "आता पांढरी घ्या. तिच्याशेजारी उभं राहायला कुणी नाही."

म्हणणं बरोबर होतं. दौलतला ते पटतही होतं. पण पांढरी गाडी डोळ्यापुढं आणायला गेला की काळीच यायची. नदीतून पाणी उडवत वर जाणारी. गावानं पाहिलेली, बुवांनी विमान म्हटलेली. तिच्या पुढच्या सीटवर बुवा, आणि खाली उतरून हात देणारा दौलत. अभयकडे ती होती तोवर त्याला तिच्याहून मोठी हवी होती. आता अभयच्या ती कामाची राहिली नव्हती, तर त्याला तीच हवी होती.

दोन दिवसांनी अभयच डंकीवर आला. बायका बसल्या होत्या त्या बाकावर न बसता दाराच्या चौकटीला हात टेकून उभा राहिला. मिरचीनं त्याला खोकला आला आणि प्रत्येक खोकल्यासरशी तो कंबर धरत होता. दौलतनं मोटर बंद केली. मुसळं जागच्या जागी थांबली.

"दादा, भिवा सांगत होता तू गाडी बघतोयस. माझी घे."

"मला दान नको."

"दान कसलं. पैसे घेणार मी. तुझ्याकडे आहेत तेवढे."

"माझ्याकडे आहेत तेवढ्यात ती येत नाही. एवढं कळतं मला."

"तुझे शर्ट मला कुठल्या भावात आले होते?"

बाकावर दुर्गाबाई खाली बघून बांगड्या मागंपुढं करत राहिली. दौलतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बायकांसमोर बोलायला नको होतं यानं. हिसकावून घ्यायची होती ती वस्तू हा पठ्ठ्या ताटात घालून आणतो.

"बघू," तो म्हणाला आणि मोटर सुरू केली.

अभय थोडा वेळ उभा राहिला. मुसळांच्या आवाजात काही बोलला ते ऐकू आलं नाही. मग भिंतीच्या आधारानं निघून गेला.

आठवडा संपत आला. गोदामवाल्याचे फोन येऊ लागले. कांता खांद्याला तेल लावताना बाटली जरा आवाज करून ठेवायची. दौलत देवळात जाऊन आला. हात जोडले, पण काय मागावं ते कळेना. अभयची पाठ बरी होऊ दे म्हणावं तर जीभ जड व्हायची, होऊ नये म्हणावं तर देवापुढं उभं राहवत नव्हतं. तीर्थ घेऊन परत आला.

शनिवारी भिवा आला. "पांढरीचं काय ते सांग, दादा. आणि तुला नको असेल तर अभयच्या गाडीला नाशिकहून गिऱ्हाईक येतंय उद्या. द्राक्षबागायतदार आहे. भाव चांगला देतोय."

दौलतच्या हातात चाळणी होती. त्याला नाशिकचा कुणी गलेलठ्ठ माणूस दिसला. त्या सीटवर, त्या चाकामागं.

"नाही म्हणून सांग त्याला," तो म्हणाला. "ती मी घेतली."

भिवा कांताकडे बघू लागला. कांतानं हातातलं काम थांबवलं नाही.

"घेतली तर घेतली," ती सावकाश म्हणाली. "पण ऐका. सप्ताह झाला की दुसऱ्या दिवसापासून त्या गाडीत मिरचीची पोती जाणार. मागची सीट काढून. पोती मी स्वतः भरणार. आणि पुढच्या मोसमात डंकी आली नाही, तर मी चाळायला बसणार नाही. बायका तुम्ही सांभाळा आणि चाळणीपण."

"बरं," दौलत म्हणाला.

"आणि अभयला वाळूचा शेक घ्यायला संध्याकाळी आईंकडे पाठवा. तुम्ही जाऊन सांगा. मी नाही सांगणार."

दौलत गेला. टॉवरच्या लिफ्टमध्ये त्यानं अंगावरची मिरची झटकली तर त्याला स्वतःलाच शिंका आल्या. अभयच्या दारात उभं राहून तो म्हणाला, "आये बोलावतेय. वाळू तापवलीय." आणि गाडी घेतो हे त्यानं नंतर, निघताना चपला घालता घालता सांगितलं.

रविवारी सकाळी अभय, अक्षता आणि दौलत थार घेऊन वडाळ्याला गेले. मिठागरांच्या कडेला भरावाची मोकळी जमीन होती. डेब्रिजचे उंचवटे, मध्ये साठलेलं पाणी, निसरडा चिखल. घाटीसारखं त्याहून दुसरं काही मुंबईत मिळणार नव्हतं. अक्षता चाकामागं बसली. शिकवायला अभय तिच्या बाजूला. दौलतला मागं बसायला सांगितलं. मागं दारच नव्हतं. पुढची सीट वाकवून, डोकं खाली घालून, गुडघे पोटाशी घेऊन तो कसाबसा आत गेला. सीट परत सरळ झाली आणि अभय तिच्यावर बसला.

"हा लहान लिव्हर," अभय अक्षताला सांगत होता. "गाडी थांबवून टाकायचा. आता चारही चाकं खेचतील. नदीत शिरताना पहिल्या गिअरमध्ये शिरायचं आणि पलीकडे जाईपर्यंत तो बदलायचा नाही. थांबलीस तर संपलं."

"आणि घाटीत?"

"घाटीत दुसऱ्या वळणाला डावीकडे पाणी झिरपतं, दगड हिरवा असतो. उजवं चाक कडेला ने. भीती वाटेल, पण तिथला जांभा घट्ट आहे. उतरताना ब्रेक नको. गाडी आपण होऊन उतरते, तू नुसती दिशा दे."

दौलत ऐकत होता. ती घाटी त्यानं जन्मभर पायानं चढली होती. तो हिरवा दगड त्याच्या टाचांना माहीत होता. त्याला वाटत होतं, तो दगड आपण सांगायला हवा होता.

अक्षतानं गाडी पाण्यात घातली. चिखल काचेवर उडाला. ती दात-ओठ खाऊन चाक धरून होती. गाडी गुरगुरत उंचवट्याला भिडली, नाक वर झालं, आभाळच आभाळ दिसलं. दौलतचं डोकं टपाला लागलं. मग नाक खाली आलं आणि ते पलीकडे होते.

"वा," अभय म्हणाला. "वा गं पोरी. माझ्याहून सफाई आहे तुझी. यंदा पहिला बुक्का तुझा."

अक्षता हसली. घाम पुसत हसली, आणि दौलतच्या मनात ते उठलं. ओळखीचं. मंदिरात झांज चुकली तेव्हा उठलं होतं तेच. पुढं बुवा बसणार, चाकामागं अक्षता. देवळापाशी गाडी थांबली की अक्षता उडी मारून बुवांचं दार उघडणार, आणि आपण मागं, गुडघे पोटाशी घेऊन. गाव म्हणणार, दौलतच्या लेकीनं आणलं. त्यानं पोरीच्या मानेवर चिकटलेल्या घामेजल्या केसांकडे पाहिलं. या मानेला त्यानं न्हाऊ घातलं होतं. त्याला स्वतःची एकाएकी भीती वाटली.

"मी बघते टायर कुठवर रुतले ते," म्हणत अक्षता उतरली आणि चिखलात लांब लांब ढेंगा टाकत मागं गेली.

गाडीत दोघेच राहिले. इंजिन बंद झाल्यावर मिठागरावरचे पक्षी ऐकू येऊ लागले. दौलतला बाहेर पडायचं होतं. आत हवा पुरत नव्हती. पण चालकाची सीट वाकत नव्हती, वाकायची ती फक्त बाजूची, आणि तिच्यावर अभय होता. अभयनं दार उघडलं. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून बाहेर ठेवला. उठू गेला आणि पुन्हा खाली बसला. त्याच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त मान ताठ झाली.

"थांब हं दादा. अडकवलं तुला."

दौलत मागून बघत होता. अभयच्या मानेवर कानामागं एक जुना व्रण होता. चाळीच्या जिन्यात पडला होता लहानपणी. दौलतनंच त्याला पाठुंगळी मारून केईएमला नेलं होतं, आणि अभय सगळा वेळ त्याच्या खांद्यावर रडत म्हणत होता, दादा, पळ.

दौलत पुढं सरकला. डावा हात त्यानं सीट आणि दाराच्या फटीतून घातला, उजवा मधल्या जागेतून, आणि दोन्ही पंजे अभयच्या काखेत रोवले. मिरचीनं भाजून जाड झालेले पंजे. अभयचा शर्ट घामानं ओला होता.

"भार माझ्यावर टाक," तो म्हणाला. "सगळा."

"तुझे हात दुखतील."

"टाक म्हणतो ना."

अभयनं अंग सैल सोडलं. दौलतनं श्वास घेतला आणि उचललं. वजन हातांतून खांद्यांत आलं, खांद्यांतून पाठीत. अभय सावकाश वर गेला, दाराला धरून उभा राहिला, डोळे मिटून काही वेळ तसाच थांबला. मग वाकता येत नव्हतं तरी हात मागं करून त्यानं चाचपत सीटची कळ शोधली.

सीट पुढं झुकली आणि दौलत बाहेर आला.